ग्रहणातली कोजागिरी : एका वाचनालयाच्या दोन दिवसांचं प्रकरण

२०२३ ची कोजागिरी शनिवारी येतेय हे कॅलेंडरात दिसलं, तेव्हा आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला आनंदच झाला. २८ ऑक्टोबर शनिवार, २९ रविवार. मधल्या वारी कोजागिरी पडली की मास्तर लोक साडेदहालाच घड्याळ बघायला लागतात. यंदा सलग दोन दिवस कार्यक्रम करू, असं पावसाळ्याच्या तोंडालाच ठरून गेलं. कॅलेंडरच्या त्याच चौकटीत बारीक अक्षरात ‘खंडग्रास चंद्रग्रहण’ असंही छापलेलं होतं. ते कुणी वाचलं नाही. वाचनालयाच्या कमिटीनं वाचलं नाही, हे लिहिताना जरा लाज वाटते.

गाव लातूर जिल्ह्यातलं, तुळजापूरच्या वाटेवरचं. वाचनालय ‘ब’ वर्गाचं : एक वाचनकक्ष, एक पुस्तकांची खोली, पुढे फरशीचं अंगण आणि अंगणात कडुनिंब. मी सहा वर्षं त्याचा सचिव होतो, त्यामुळे इथे लिहिलेल्या चुकांमधला मोठा वाटा माझा आहे. गावोगावच्या मंडळांना आपल्या कार्यक्रमाशी ताडून बघता यावं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

आधीचा साचा असा होता. बाजार मैदानावर मंडप, मोठं स्टेज, लातूरहून ऑर्केस्ट्रा. पत्रिकेत वेळ रात्री नऊ. पाहुणे यायचे दहाला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगतं. अकरा वाजून जायचे. त्यानंतर गाणी, बाराला चंद्राला दुधाचा नैवेद्य आणि एक-दीडला पांगापांग. दहानंतरचा भोंगा इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यावर आला नव्हता, कारण स्टेजवर ज्यांच्या खुर्च्या असत त्यांच्याकडे बघून कुणी बोलत नसे. मंडपाचा खर्चही त्यातलेच एक जण उचलायचे. त्या बदल्यात फ्लेक्सवर त्यांचा फोटो, तोही चंद्रापेक्षा मोठा.

२०२३ साली हा सगळा डोलारा आठवडाभरात कोसळला. कसा, ते तारखांसकट सांगायला हवं, कारण एकेक अडचण सुटी आली असती तर आम्ही जुना साचाच ठोकून-ठाकून उभा केला असता.

पहिली गोष्ट पावसाची. त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. आमच्याकडे सोयाबीनच्या शेंगा ऐन भरायच्या वेळी ताण बसला, वर पिवळ्या मोझॅकनं पानं हळदीसारखी झाली. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन बाजारात येतं आणि त्याच पैशावर वर्गणीची पावती फाटते. त्या वर्षीचा हमीभाव ४६०० रुपये क्विंटल. पण भाव विचारायलाही पोत्यात माल लागतो. पावती पुस्तकं घेऊन गेलेली पोरं मागच्या वर्षीच्या निम्मीसुद्धा रक्कम न घेता परत आली, आणि “पुन्हा जायला लावू नका” म्हणाली. (पुढे ३१ ऑक्टोबरला सरकारनं राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आमच्या जिल्ह्यातलं रेणापूर होतं.)

दुसरी गोष्ट मराठा आरक्षणाच्या आंदोलनाची. सरकारला दिलेली चाळीस दिवसांची मुदत दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला संपली आणि २५ ला मनोज जरांगे पाटील अंतरवाली सराटीत पुन्हा उपोषणाला बसले. मराठवाड्यात गावोगावच्या वेशींवर पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले. आमच्याही लागला. चावडीपुढे साखळी उपोषणाचा मंडप पडला, आणि चावडीला लागूनच आमचं बाजार मैदान. गुरुवारी संध्याकाळी चार पोरं वाचनालयात आली. त्यांतले तिघे माझ्या हाताखालून शिकून गेलेले. खुर्चीवर बसा म्हटलं तरी उभीच राहिली. “सर, कार्यक्रमाला आमचा विरोध नाही. पण स्टेजवर पुढारी नको, अन् उपोषणाच्या मंडपाशेजारी ऑर्केस्ट्रा नको. आपलीच लेकरं तिथं उपाशी बसलेत.” यावर काय बोलणार? फ्लेक्स छापून गोदामात येऊन पडला होता. ज्यांचा फोटो होता त्यांच्या माणसानं त्याच रात्री फोनवर कळवलं की मंडपाचं यंदा बघा तुमचं तुम्ही.

तिसरी गोष्ट ग्रहण. ती शुक्रवारपर्यंत कुणाच्या लक्षात नव्हती, आणि लक्षात आली तेव्हा बाकीच्या दोन्हींपेक्षा जास्त गाजली.

दूध प्यावं की नाही

ग्रहणाचा स्पर्श रात्री १ वाजून ५ मिनिटांनी, म्हणजे तारखेनं रविवारी. मध्य पावणेदोनच्या सुमारास आणि अडीचच्या आत मोक्ष. चंद्राचा फार तर एक कोपरा झाकोळणार होता. पण चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर आधी लागतात, म्हणजे नऊ तास. दुपारी चारच्या आसपासच वेध सुरू. वेधात अन्न घ्यायचं नाही हा नेम. लहान मुलं, म्हातारी, आजारी आणि गरोदर बायका यांना सवलत. मग कोजागिरीचं दूध प्यायचं कधी? बाराला तर बरोबर वेधाच्या पोटात येतं.

शुक्रवारची बैठक अडीच तास चालली आणि त्यातले दोन तास दुधावर गेले. एक गट म्हणाला, नेम पाळणाऱ्यांना आपण तोंडावर कसं विचारायचं? दुसरा म्हणाला, वाचनालयानं ग्रहण मानायचं तर मग विज्ञानाची पुस्तकं कशाला घेता? एका सदस्यानं दुधात तुळशीचं पान टाकायची तोड सुचवली. त्यावर दुसऱ्यानं ते पान साठवणीच्या दुधासाठी असतं, पिण्याच्या नाही, असा मुद्दा काढला. मी अध्यक्षांकडे बघत होतो, अध्यक्ष पंख्याकडे.

भट्टीचं काम दर वर्षी ज्या आक्का बघतात, त्या दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी त्याच बोलल्या. “गिराणानं दूध नासत नाई, सर. तुमी असं बोलत बसलाव तर नासंल. ज्याला आज प्याचंय त्याला आज द्या, ज्याला न्हाई त्याला उद्या. दोन कढया करते.”

ठराव तोच झाला. साठ लिटर दूध सांगितलेलं होतं. त्यातलं पंचवीस लिटर शनिवारी आटवायचं आणि पस्तीस लिटर रविवारी ताजं मागवायचं. हा अंदाज चुकला. कसा, ते पुढे येईल. पण भांडण मिटवायचा तो मार्ग मला आजही चोख वाटतो : कुणाची श्रद्धा खोटी ठरवली नाही आणि कुणावर लादलीही नाही.

दहा वाजता काय होतं

परवानगीचा अर्ज घेऊन ठाण्यात गेलो तेव्हा नवी गोष्ट कळली. नवी म्हणजे माझ्यासाठी, नियम जुनाच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, आणि ते दिवस आधी जाहीर झालेले असतात. आमच्या अर्जावर दहाचीच वेळ पडली. मी म्हणालो, ठीक आहे, दहानंतर माईक बंद करू आणि नुसतं संबळावर गोंधळ चालू ठेवू. समोरचे साहेब हसले. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्या नियमात भोंग्याबरोबर वाद्यंही आली आहेत, असं त्यांनी काढून दाखवलं. उघड्यावर रात्री दहानंतर संबळसुद्धा नाही. फक्त बंदिस्त जागेत, सभागृहात, आतल्या आत ऐकू जाईल असं चालतं. आपल्याकडे सगळ्यांचा समज असा की नियम डीजेचा आहे, आपल्या पारंपरिक वाद्यांना काय होतंय. मंडळांनी हा नियम एकदा स्वतः वाचावा. शांतता क्षेत्राचंही तसंच. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीची शंभर मीटर जागा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते, आणि निम्म्या गावांचे कार्यक्रम शाळेच्या मैदानावरच होतात.

ठाण्यातून वाचनालयापर्यंत चालत आलो तेवढ्या वेळात कार्यक्रमाचा नवा आकार डोक्यात बसला. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळताच उगवतो. मग नऊची वाट कशाला बघायची? संध्याकाळी सातला अंगणात सुरू करायचं. दहापर्यंत एक साधा माईक. दहाला सगळ्यांनी उठून वाचनकक्षात जायचं, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि पुढचा गोंधळ आत, बिनमाईकचा. स्टेज नाही, पाहुणे नाहीत, ऑर्केस्ट्रा नाही. ऑर्केस्ट्राला दिलेला दहा हजारांचा विसार बुडाला. परत मागितला, मिळाला नाही. कागदावर काही लिहून घेतलेलं नव्हतं, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

जुन्या सभासदांपैकी एकांनी शेवटपर्यंत नापसंती धरली. ‘को जागर्ति’ असं लक्ष्मी मध्यरात्री विचारते, संध्याकाळी सातला कोण झोपलेलं असतं, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. त्यांना सांगितलं, आत बारापर्यंत जागवतो. ते आले, आणि बारापर्यंत बसलेही.

शनिवार

गोंधळ्यांची अडचण वेगळीच होती. आश्विनी पौर्णिमा म्हणजे तुळजापूरची मोठी गर्दी. देवी दसऱ्यापासून पौर्णिमेपर्यंत निद्रेत असते, आणि ती उठायच्या वेळेला पोचायचं म्हणून माणसं चार-चार दिवस आधी पायी निघतात. आमच्या रस्त्यानं गुरुवार-शुक्रवार माणसांची रीघ होती, आणि गावातली सगळी तरणी पोरं वाटसरूंना चहा-केळी वाटण्यात गुंतलेली. एरवी ज्यांच्या जिवावर आम्ही खुर्च्या लावतो तीच ही पोरं. गोंधळ्यांचा मेळ शेजारच्या तालुक्यातला. त्यांच्या नाईकांना पौर्णिमेला तुळजापुरात असायचं होतं, पण तीन वर्षांपूर्वी दिलेला शब्द त्यांनी पाळला. त्या आठवड्यात एसटीवर दगडफेकीच्या बातम्या होत्या, गाड्यांचा भरवसा नव्हता. पाच जण संबळ, तुणतुणं, दिवट्या घेऊन टमटमनं आले. बेचाळीस किलोमीटर. टमटमचं भाडं आम्ही दिलं. बिदागीच्या बोलण्यात ते धरलेलं नव्हतं. कलावंताच्या प्रवासाचा खर्च आधी बोलावा लागतो, हे मंडळं नेहमी विसरतात आणि कलावंत भिडेपोटी मागत नाहीत.

माईक एकच आणि तोही दहापर्यंतच, असं नाईकमामांना सांगताना मला संकोच वाटत होता. ते म्हणाले, “बरं झालं की. मोठा भोंगा लावला की आमाला आमचंच ऐकू येत नाई. निस्तं तोंड हालवत ऱ्हावं लागतंय.”

सात वाजून दहा मिनिटांनी त्यांनी दिवटी पेटवली. उद्घाटन म्हणून वेगळं काही करायची गरज उरली नाही. चौक मांडला, कवड्यांच्या माळा घातल्या आणि देवतांना आवतण सुरू झालं. तुळजापूरच्या भवानीनं यावं, माहूरच्या रेणुकेनं यावं, कोल्हापूरच्या अंबाबाईनं यावं. दर नावाला अंगणातून ‘उदो’ उठत होता. मागच्या वर्षी याच वेळेला मी पाहुण्यांच्या गाडीची वाट बघत फाट्यावर उभा होतो.

अंगणात आठ सतरंज्या होत्या, शेवटची माणसं पायऱ्यांवर. सगळ्यात लांबचा माणूस गोंधळ्यांपासून पंचवीस-तीस पावलांवर. संबळ वाजवणाऱ्याच्या एका हातात वाकडी काठी आणि दुसऱ्यात सरळ, हे लहान मुलांनी पहिल्यांदा नीट बघितलं. एक मुलगी पुढे सरकत सरकत इतकी जवळ गेली की तुणतुण्याचा दांडा तिच्या डोक्यावर येऊ लागला. आख्यानात बतावणी आली, तेव्हा नाईकमामांनी समोरच्या माणसांना नावानं ओढून घेतलं. सोयाबीन झालं किती, आडतीवर कापलं किती, घरी आणलं काय? हशा झाला, पण तो अंगावर येणारा होता. स्टेजवरून वीस फूट उंचीच्या स्पीकरमधून हेच बोलणं आलं असतं तर ते मनोरंजन झालं असतं. इथे त्याला समोरून उत्तर येत होतं. “मामा, तीन पोते झालं!” – “मग तू हितं काय करलालास, जाऊन राखण कर!”

दूध साडेआठला काढलं. पंचवीस लिटर पाऊण तासात संपलं. आम्ही धरलं होतं की निम्म्याहून जास्त लोक वेध पाळतील. पाळणारे होते, पण त्यांनी स्वतः पेला नाकारून नातवंडांना दोन-दोन पेले दिले. सवलतीचा नियम तोंडपाठ असलेले लोक होते ते. सव्वानऊला कढई खरवडून झाली होती.

दहाला माईक बंद झाला. आणि इथे एक गोष्ट चुकली. नऊ-साडेनऊनंतर बायका यायला लागल्या. वस्तीवरच्या, रानातली कामं आणि घरची चूल उरकून निघालेल्या. त्यांच्या डोक्यात दर वर्षीचीच वेळ होती. वेळ बदलल्याचं आम्ही रिक्षाच्या भोंग्यावरून बाजारपेठेत फिरवलं होतं आणि व्हॉट्सॲपवर टाकलं होतं. वस्तीकडे रिक्षा गेलीच नाही. त्यांच्या वाट्याला ना दूध आलं ना अर्ध्याहून जास्त आख्यान, आणि कक्षात जागाही नव्हती. साठ माणसांच्या खोलीत शंभरावर बसलेली. त्या कपाटांच्या कडेला उभ्या राहून ऐकत होत्या. एक जण मला म्हणाली, “आमाला सांगायला पाहिजे होतं, सर.” एवढंच. वेळ अलीकडे आणण्याच्या निर्णयाचं कौतुक मला बरेच जण करतात, तेव्हा मला हे वाक्य आठवतं. सातची वेळ ही नोकरदार आणि बाजारातल्या माणसांच्या सोयीची आहे. रानात राबणाऱ्या बाईच्या सोयीची नाही.

आतला गोंधळ बारा वाजून पाच मिनिटांनी आरतीनं संपला. संबळाचं चामडं रात्रीच्या ओलाव्यानं सैल झालं होतं, ते दिवटीच्या आचेवर शेकून घ्यावं लागलं. त्या दोन मिनिटांत कुणी बोललं नाही. नंतर पंधरा-वीस जण अंगणात ग्रहणासाठी थांबलो. एकला चंद्राच्या कडेला काजळी लागल्यासारखं झालं. एवढंच का, असं एक मुलगा म्हणाला आणि झोपायला गेला.

रविवार

रविवार लवकर उरकतो, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. सकाळी मुलांचं भारूड झालं. पैठणच्या एकनाथांचा विंचू चवथीच्या पोरानं इतका खरा केला की त्याची आजी उठून जवळ आली. संध्याकाळी पाचला कविसंमेलन होतं. ती वेळ मी धरून बसलो होतो. दुपारी दोनपासून लखनौला भारत-इंग्लंड विश्वचषकाचा सामना आहे हे मला माहीत होतं, पण कवितेचा श्रोता वेगळा असतो, असं मी बैठकीत म्हणालो. तो वेगळा नसतो. भारताच्या २२९ धावा झाल्या तोवर काही माणसं होती, तेवढ्यात जिंकणं अवघड म्हणून जरा निराश होऊन ऐकत होती. इंग्लंडची फलंदाजी सुरू झाली आणि बुमराहनं लागोपाठ दोन चेंडूंवर दोघांना काढलं, तेव्हा एक कवी मायबोलीवरची कविता वाचत होते. मागून आरोळी आली, कवींना ती दाद वाटली आणि त्यांनी ती ओळ पुन्हा घेतली. सामना आपण शंभर धावांनी जिंकलो. संमेलनाचा शेवट अकरा जणांत झाला, त्यांतले सात कवी.

आणि दूध. रविवारचं पस्तीस लिटर. वेध सुटले होते, पण माणसंच नव्हती. वीस लिटरच्या वर उरलं ते समाजकल्याणच्या वसतिगृहात नेऊन दिलं. तिथे त्या मुलांनी सामना संपता संपता ते संपवलं. आक्कांचा सल्ला बरोबर होता, वाटणी आमची चुकली. पंचवीस-पस्तीसचं उलटं केलं असतं तरी भागलं असतं.

सोमवारी, ३० तारखेला, बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली आणि संचारबंदी लागली. आमचा कार्यक्रम दोन दिवस पुढे असता तर नाईकमामा आलेच नसते. ठरवूनही साधलं नसतं असं काही आमच्या पदरात पडलं, आणि त्याचं श्रेय कार्यकारिणीनं घेऊ नये, असं मी इतिवृत्तात लिहिलं. ते वाक्य पुढच्या बैठकीत वगळलं गेलं.

हिशेबात मंडप, स्टेज आणि मोठा साऊंड यांचा खर्च शून्य होता. सगळ्यात मोठी रक्कम दुधाची, मग बिदागी आणि टमटम, मग बुडालेला विसार. फ्लेक्स फुकट गेला असं वाटलं होतं, पण तो उलटा करून पावसाळ्यात पुस्तकांच्या खोलीच्या पत्र्यावर टाकला. गळती थांबली. फोटो आतल्या बाजूला आहेत.

२०२४ ची कोजागिरी १६ ऑक्टोबरला, बुधवारी आली. मंडळी जुना साचा परत आणायच्या विचारात होती, पाहुण्यांची नावंही निघाली होती. आदल्याच दिवशी, १५ ला, विधानसभेची आचारसंहिता लागली. पुन्हा स्टेज नाही, पुन्हा अंगण. या वेळी रिक्षा आधी वस्तीकडे पाठवली, आणि गोंधळाचा शेवटचा भाग बायकांसाठी राखून कक्षात घेतला. पहिल्या तीन सतरंज्या त्यांच्या.

सत्कारासाठी २०२३ ला आणलेल्या नऊ शाली अजून वाचनालयाच्या कपाटात आहेत, जुन्या दिवाळी अंकांच्या वरच्या फळीवर. डांबराच्या गोळ्या आतापर्यंत दोनदा बदलल्या.